अष्टपैलू मुलीने चौदाव्या वर्षी ‘एकच काहीतरी निवड’ हा सल्ला मानावा का?

प्रश्न : ठाण्याची आई

नमस्कार. आम्ही ठाणे पश्चिमेला राहतो. माझी मुलगी चौदा वर्षांची असून गेली तीन वर्षे लेदर बॉलवर खेळते. मधल्या फळीत फलंदाजी करते आणि ऑफस्पिन टाकते. गेल्या महिन्यात तिच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला बोलावून सांगितले की, आता एकच काहीतरी निवडायला हवे, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहील. तेव्हापासून नेटमध्ये तिला अगदी शेवटी, उजेड कमी झाल्यावर, जेमतेम दहा मिनिटे फलंदाजी मिळते. घरी आल्यावर ती बॅटच्या मुठीवरची रबरी ग्रिप उतरवते आणि पुन्हा चढवत बसते. बोलत काहीच नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेला महिला विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना आम्ही दोघींनी वरच्या स्टँडमध्ये बसून पाहिला. पावसामुळे तो दोन तास उशिरा सुरू झाला होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर कर्णधार हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला, तेव्हा मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचे वळ उठले. मला जाणकारांना विचारायचे आहे की, महिला अष्टपैलू खेळाडूची कारकीर्द प्रत्यक्षात उभी कशी राहते? दोन्ही अंगे सुरुवातीपासून बरोबरीने वाढवतात, की एकाच्या जोरावर संघात शिरून दुसरे मागाहून जोडतात? शिवाय पोटापाण्याच्या दृष्टीने या वाटेवर कितपत विसंबता येते?

उत्तर १ : क्लब सामन्यांचा जुना गुणलेखक, ठाणे

प्रशिक्षकांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. निवड चाचणीत शेकडो मुली येतात, प्रत्येकीच्या वाट्याला नेटमध्ये थोडी मिनिटे येतात आणि निवड करणाऱ्यांच्या डोक्यात प्रत्येकीची एकच ओळख राहते. म्हणून अर्जावर आणि चाचणीतही मुलीने आधी ऑफस्पिनर म्हणून उभे राहावे, असे मला वाटते. मात्र चाचणीपुरती ओळख ठरवणे वेगळे आणि सरावातून फलंदाजी काढून घेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे.

उत्तर २ : नेरूळचा वाचक

ताई, ज्या खेळाडूला आपण दोघींनी त्या रात्री पाहिले, तिचीच कारकीर्द मुलीबरोबर बसून पहिल्यापासून वाचा. आग्र्याची दीप्ती लहानपणी भाऊ सुमित याच्या मागे लागून मैदानावर जात असे. तिथे तिने लांबून केलेली एक फेक भारताच्या माजी खेळाडू हेमलता काला यांच्या नजरेत भरली आणि तिचे क्रिकेट सुरू झाले. आता आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट अशी की, सुरुवातीला ती मध्यमगती गोलंदाजी करत असे आणि ऑफस्पिन नंतर आली. त्या वयात तिला कोणी ‘एकच निवड’ म्हटले असते आणि तिने जवळची म्हणून मध्यमगती निवडली असती, तर आज जिच्याविषयी आपण बोलतो आहोत ती गोलंदाज घडलीच नसती.

नोव्हेंबर २०१४ मध्ये, सतराव्या वर्षी, ती बंगळुरूत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना खेळली. २०१६ मध्ये रांचीला श्रीलंकेविरुद्ध तिने २० धावांत ६ बळी घेतले, तेव्हा ती गोलंदाजच, असे कोणीही म्हटले असते. १५ मे २०१७ रोजी पॉचेफस्ट्रूमला आयर्लंडविरुद्ध तीच मुलगी सलामीला गेली आणि १८८ धावा करून आली. मुंबईच्या पूनम राऊतबरोबर तिने ३२० धावांची सलामी दिली, आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तीनशेच्या पुढे गेलेली ती पहिलीच सलामीची भागीदारी. इतके होऊनही पुढे तिला सलामीची जागा राहिली नाही. पाचव्या, सहाव्या, सातव्या क्रमांकावर जाऊन, कधी कोसळलेला डाव सावरायचा तर कधी शेवटच्या षटकांत धावा वाढवायच्या, हे काम तिच्याकडे आले. जागा सरकत राहिली तरी संघातले स्थान टिकले, कारण दुसऱ्या हातात गोलंदाजीची दहा षटके होती. अष्टपैलू खेळाडूला तगवणारी गोष्ट माझ्या समजुतीप्रमाणे हीच आहे.

डिसेंबर २०२३ मधली इंग्लंडविरुद्धची कसोटी नेरूळच्या याच मैदानावर झाली आणि दुसऱ्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. पहिल्या डावात ६७ धावा केलेल्या दीप्तीने इंग्लंडच्या डावात ५.३ षटके टाकली, ७ धावा दिल्या आणि ५ जणींना बाद केले. इंग्लंडचा डाव १३६ धावांत संपला. तिचा चेंडू फार उंच जात नाही. सपाट येतो, टप्पा सोडत नाही, आणि फलंदाज मागे जावे की पुढे हे ठरवीपर्यंत पॅडवर आदळतो. दुसऱ्या डावात आणखी ४ बळी घेऊन ती सामनावीर ठरली आणि भारत ३४७ धावांनी जिंकला.

विश्वचषकातल्या तिच्या २१५ धावा आणि २२ बळी हे आकडे सर्वांना पाठ आहेत. मला त्यातला उपांत्य सामना अधिक बोलका वाटतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिच्या गोलंदाजीवर ७३ धावा निघाल्या होत्या. गोलंदाज म्हणून तो दिवस खडतर होता, पण ३३९ धावांचा पाठलाग करताना तिने १७ चेंडूंत २४ धावा केल्या आणि फलंदाज जेमिमा रॉड्रिग्जच्या मोठ्या खेळीला आवश्यक ती गती दिली. तीनच दिवसांनी अंतिम सामन्यात ५८ चेंडूंत ५८ धावा आणि ३९ धावांत ५ बळी. शतक करून ठाण मांडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधार वोल्वार्डचा झेल आपल्या अमनजोतने तीनदा हातातून निसटता निसटता पकडला ते षटक आठवत असेल. त्याच षटकात दीप्तीने ट्रायनला पायचीत केले होते.

उत्तर ३ : वाशीची फिजिओथेरपिस्ट

निवडीपेक्षा मला शरीरावर पडणाऱ्या भाराची चिंता अधिक वाटते. एलिस पेरी सोळाव्या वर्षी, २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या संघात आली ती वेगवान गोलंदाज म्हणून, आणि फलंदाजीला खालच्या क्रमांकावर जात असे. पुढे तिने फलंदाजी इतकी वाढवली की २०१७ च्या ॲशेस कसोटीत (इंग्लंडविरुद्ध) नाबाद २१३ धावा केल्या, आणि २०१९ मध्ये एकदिवसीय सामन्यात इंग्लंडविरुद्ध २२ धावांत ७ बळीही घेतले. २०२० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत झाल्याने तिला अंतिम सामना बाहेर बसून पाहावा लागला. २०२२ मध्ये पाठीच्या हाडाला ताणाने चीर गेली, गोलंदाजी थांबली, तरीही विश्वचषकाचा अंतिम सामना ती निव्वळ फलंदाज म्हणून खेळू शकली.

फिरकीत पाठीवर इतका ताण येत नाही, परंतु खांदा, बोटे आणि पुढचा गुडघा यांची झीज होतेच. शाळा, क्लब आणि अकादमी अशा तिन्ही ठिकाणी मुलगी गोलंदाजी करत असेल, तर आठवड्याचे एकूण चेंडू कोणीच मोजत नाही. त्या चेंडूंची वही आपण घरी ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींचे दुखणे सलग सामन्यांच्या आठवड्यात सुरू झालेले असते.

उत्तर ४ : रेल्वेतील कर्मचारी, कळवा

कमाईविषयी थोडे लिहितो. शुभांगी कुलकर्णी, डायना एडुलजी यांच्या पिढीने हा खेळ जवळजवळ पदरमोड करून खेळला. महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले ते २००६ मध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात दीप्तीला २.६० कोटी रुपये मिळाले.

परंतु जागा किती, तेही पाहावे. या लीगमध्ये पाच संघ आहेत, प्रत्येक संघात जास्तीत जास्त १८ खेळाडू आणि त्यांत सहा परदेशी घेता येतात. सगळे संघ पूर्ण भरले तर देशभरातल्या मुलींसाठी साधारण साठ जागा उरतात. त्याखाली मोठा आधार आहे तो खेळाडूंच्या कोट्यातील नोकरीचा. रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे देशांतर्गत स्पर्धांत वरचढ राहिला, त्यामागे ही नोकरी आहे. स्वतः दीप्ती उत्तर प्रदेश पोलीस दलात उपअधीक्षक आहे. म्हणून दहावीचा अभ्यास सोडू देऊ नका आणि निवड झालेल्या प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा. अर्ज करताना तेच विचारतात.

प्रश्नकर्तीकडून पुन्हा

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. दीप्तीची मध्यमगती गोलंदाजी आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हती. मुलीने ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

काल प्रशिक्षकांशी बोलले. चाचणीला ती ऑफस्पिनर म्हणूनच जाईल हे मी मान्य केले, आणि मंगळवार व शुक्रवारी तिला उजेड असताना वीस मिनिटे फलंदाजी मिळावी असे मागितले. मंगळवारचे त्यांनी कबूल केले आहे, शुक्रवारचे चाचणीनंतर पाहू म्हणाले. चेंडूंची वही कालपासून सुरू केली. पहिल्याच दिवशी शाळेच्या सरावाचे ४८ आणि संध्याकाळचे ७२ असे १२० चेंडू झाले. वाशीच्या ताईंना विचारायचे आहे की, चौदाव्या वर्षी हे एका दिवसासाठी जास्त होतात का, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी ते किती ठेवावेत?