गांजा लीगल केला तर रोज ओढणाऱ्यांसाठी नियम कसे असावेत?

खिडकीतून:
बंदी हवी की नको हा वाद इथे नकोय, तो चघळून चोथा झालाय. समजा उठवली, मग पुढे काय? कॅनडात २०१८ पासून चालू आहे, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून, अमेरिकेत कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनच्या लोकांनी २०१२ मध्येच मत दिलं. सगळीकडे नियम लिहिताना डोळ्यासमोर कोण असतं तर महिन्यातून एकदा मित्रांबरोबर दोन झुरके मारणारा माणूस. पण अमेरिकेतल्या २०२२ च्या सर्व्हेत रोज किंवा जवळपास रोज घेणारे पावणेदोन कोटींच्या पुढे निघाले, म्हणजे रोज दारू पिणाऱ्यांपेक्षाही जास्त, आणि १९९२ मध्ये हेच लोक दहा लाखसुद्धा नव्हते. मग नियम या लोकांना धरून करायचे म्हटलं तर नेमकं काय करायचं? वयाची अट आणि पाकिटावर इशारा सोडून बोला प्लीज.

निशाचर:
आधी विकणार कोण ते ठरवा, बाकी सगळं नंतर. कारण कसंय, रोज घेणारे डोकी मोजली तर कमी असतात पण एकूण मालातला बहुतांश तेच संपवतात. म्हणजे दुकानदाराचं खरं गिऱ्हाईक तेच. आता प्रायव्हेट कंपनीला सांगायचं की बाबा तुझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कमी कर, तर ती का करेल? कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात म्हणून दुकानं सरकारी कंपनीची आहेत, वय २१, आणि लहान मुलांना खुणावतील अशा कॅंडी-चॉकलेटवर बंदी. जर्मनीत तर साधं दुकानच नाही, घरी तीन झाडं लावा नाहीतर क्लबचं मेंबर व्हा, क्लबात जास्तीत जास्त ५०० माणसं, आणि नफा कमवायचा नाही. २१ च्या खालच्या मेंबरला महिन्याला ३० ग्रॅमच, तेही १० टक्क्यांच्या आतलं टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेलं. मला हे मॉडेल बरं वाटतं, कंटाळवाणं आहे म्हणूनच बरं वाटतं.

मितभाषी:
ग्रॅम मोजून काय होणारे सांगा मला? वीस टक्केवाला माल असला तर त्याच ग्रॅममध्ये पाच टक्केवाल्याच्या चौपट टीएचसी, आणि व्हेपमधलं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे गांजाचा कडक अर्क, तर ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. माझा मावसभाऊ जिथे राहतो तिथे हे सगळं लीगल आहे. सकाळी दात घासायच्या आधी व्हेप, मग दर तासाला दोन ओढी, वास नाही धूर नाही, घरात कुणाला पत्ता नाही. मग सकाळी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि हा पठ्ठ्या तास-तास कढत पाण्याच्या शॉवरखाली उभा, कारण तेवढ्यानेच बरं वाटायचं. डॉक्टरांनी आधी पोटाचा आजार धरला, एन्डोस्कोपी झाली, काही निघेना, शेवटी एका नर्सने सरळ विचारलं की गांजा घेतोस का आणि गरम पाण्याने बरं वाटतं का. हे दोन प्रश्न! गांजामुळे होणाऱ्या या उलट्यांची ती ठळक खूण आहे. आणि त्याला पटेना, कारण गांजाने उलट्या थांबतात एवढंच त्याने ऐकलेलं. सोडल्यावर उलट्या गेल्या, पण आठवडाभर झोप नाही, भूक नाही, नुसती चिडचिड. या व्यसनावर मान्यता मिळालेलं असं औषधही नाहीये, समुपदेशनावरच भिस्त. म्हणून म्हणतो की मर्यादा आणि टॅक्स दोन्ही टीएचसीच्या मिलिग्रॅमवर हवेत. कॅनडात खायच्या गमीजच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅम, कोलोरॅडोत एका सर्व्हिंगला १० आणि पाकिटात १००, फरक बघा.

सरळमार्गी:
चोर सोडून संन्याशाला फाशी चाललंय इथे. एवढे नियम केले की लोक गल्लीतल्या जुन्या माणसाकडेच जाणार, तो ना वय विचारतो ना लॅब टेस्ट दाखवतो. उरुग्वेत २०१३ ला कायदा झाला, नाव रजिस्टर करा आणि महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत घ्या, तरी बरेच जण रजिस्टर करायलाच तयार नाहीत, सरकारी यादीत नाव कोण घालेल? आणि रोज घेणारा प्रत्येक जण काही बिघडलेला नसतो, कुणी दुखण्यासाठी घेतो, कुणी झोपेसाठी.

निशाचर:
गल्लीचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून सुरुवातीला किंमत फार चढवू नये हे मान्य. पण टॅक्स कशावर लावता याने माल बदलतो. वजनावर लावला की कडक माल फायद्याचा, कारण ग्रॅम तेवढाच. किमतीवर लावला तर भाव पडले की टॅक्सही पडतो आणि भाव पडतातच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने मधला रस्ता काढला, ३५ टक्के टीएचसीपर्यंत १० टक्के टॅक्स, त्याहून कडक असेल तर २५ टक्के. न्यूयॉर्कने मिलिग्रॅमवर लावून बघितला आणि २०२४ मध्ये सोडून दिला. @मितभाषी, तुमच्या मिलिग्रॅममध्ये एक गोची आहे, आकडा देणार लॅब, आणि लॅबला पैसे देणार माल बनवणारा. आत्ता कडक मालाला भाव म्हणून आकडे फुगवायची स्पर्धा चालते, टॅक्स लावलात की तेच आकडे खाली येतील. लॅब सरकारी हवी किंवा नमुने दुकानातून अचानक उचलायला हवेत.

खिडकीतून:
लॅबचं डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारतो, कॅसिनोत माणूस स्वतःच लिहून देतो ना की मला आत घेऊ नका, तसं इथे चालेल का? म्हणजे सरकारने यादी करायची नाही, माणसाने स्वतःहून नाव द्यायचं.

मितभाषी:
भावाला विचारलं आत्ताच. म्हणाला चांगल्या दिवशी नक्की दिलं असतं नाव, पण मग काढायला निदान सहा महिने लागले पाहिजेत, नाहीतर रात्री तलफ आली की पहाटेपर्यंत काढून टाकलं असतं. आणि सगळ्या दुकानांना एकच यादी हवी, नाहीतर शेजारचं दुकान आहेच.

सरळमार्गी:
याला माझी हरकत नाही. फक्त ती यादी पोलिसांना आणि नोकरी देणाऱ्यांना दिसणार नाही हे कायद्यातच लिहा.