‘हामाकोम येमाले हेस्रोनखा’: उणीव, नुकसान की कसर?

उत्तररेखा: ठाण्यातील आमच्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) शेजारीणबाईंची म्हातारी कुत्री नुकतीच गेली. माणसासाठी पाळायचा सात दिवसांचा शोक, म्हणजे ‘शिवा’, किंवा म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थना जनावरासाठी नसते. मात्र तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या ‘ब्राखोत’ या भागात (पान 16ब) ज्याचा बैल किंवा गाढव मेले आहे त्याला म्हणायचे हे शीर्षकातील हिब्रू वाक्य आहे, आणि बाईंना ते मराठीतून कुत्रीच्या फोटोखाली हवे आहे. मी ‘देव तुमचे नुकसान भरून काढो’ असे सुचवले, तर त्या म्हणाल्या, “अगं, हे विम्याचं पत्र वाटतंय.” काय लिहावे?

बारदान: ‘कसर’ लिहा. वाक्यातला ‘हेस्रोन’ (उणीव, तोटा) आणि ‘कसर’ एकाच मुळाचे दिसतात, शिवाय मराठीत कसर भरूनच काढतात.

शब्दांकित: बारदानसाहेब, दिसतात, पण नाहीत. ‘कसर’ अरबी क-स-र, म्हणजे मोडणे, यावरून आली. हिब्रू ह-स-र याचे अरबी नातलग ख-स-र, म्हणजे तोटा होणे. शिवाय कसर कपड्यांनाही लागते.

परसदार: ‘नुकसान’च योग्य आहे. तेथे प्रसंग रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलिएझर यांची दासी वारल्याचा आहे. दासदासींसाठी शोकविधी करू नयेत, बैल-गाढव मेल्यावर धन्याला म्हणतात तेवढेच म्हणावे, असा त्याचा रोख आहे. मूळच इतके कोरडे असताना भाषांतर ओले का करावे?

उत्तररेखा: निव्वळ मालमत्ता मानली असती, तर त्याच ब्राखोतमध्ये (40अ) जनावराला खाऊ घातल्याशिवाय स्वतः जेवू नये असे सांगितले नसते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (11:15) गुरांसाठी गवत आधी येते आणि ‘तू खाशील’ हे नंतर येते, त्या क्रमावरून हा नियम काढला आहे. बाई कुत्रीची थाळी भरून मगच स्वतःचे पान वाढून घेत. त्यांना या नियमाचा आज फार आधार वाटतो.

शब्दांकित: मग ‘उणीव’ घ्या, परंतु ‘हामाकोम’चे सरसकट ‘देव’ करू नका. ‘माकोम’ म्हणजे जागा. ईश्वराच्या याच नावाने माणसाच्या शोकातील सांत्वनवाक्यही सुरू होते, त्यामुळे कुत्रीसाठी ते नाव राखण्यात अर्थ आहे.

बारदान: जागा उणीव भरून काढो? यातून ‘दुसरे पिल्लू आणा’ असा अर्थ निघेल.

परसदार: ‘दुसरा बैल मिळो’ हाच तर मूळ अर्थ आहे, म्हणून मी ‘नुकसान’ सोडायला तयार नाही.