छोट्या कामाला एस्क्यूलाइट पुरे, पोस्टग्रेस कशाला?

खटपट्या: वाचनालयाची देवघेव, सोसायटीची देखभाल वर्गणी, क्लासची फी. एवढ्यासाठी लोक पोस्टग्रेस (वेगळा सर्व्हर लागणारा डेटाबेस), तो चालवायला डॉकर आणि वर दरमहा क्लाउडचं बिल अंगावर घेतात. पॉकेटबेस टाका. एकच एक्झिक्युटेबल (चालवायची एकच फाइल), आत एस्क्यूलाइट, म्हणजे एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. लॉगिन, ॲडमिन पॅनल, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा मागायची सोय) सगळं तयार. एस्क्यूलाइटची स्वतःची वेबसाइटही एस्क्यूलाइटवरच चालते.

रात्रपाळी_डीबीए: ती वेबसाइट मुख्यतः वाचली जाते. एस्क्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं. फीच्या शेवटच्या दिवशी चार खिडक्यांवर पावत्या सुरू झाल्या की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ बघा.

खटपट्या: 2010 पासून वॉल मोड आहे, नवं लिखाण आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जातं, त्यात लिहिणाऱ्यामुळे वाचणारे अडत नाहीत. एक पावती लिहायला लागतात काही मिलिसेकंद. बिझी टाइमआउट (कुलूप सुटेपर्यंत थांबायची मुदत) ठेवला की दुसरी तेवढं थांबते. चार खिडक्या मिळून सेकंदाला चार पावत्या तरी फाडतात का?

रात्रपाळी_डीबीए: मान्य. पण रकान्याला इंटिजर (पूर्णांक) म्हटलं तरी त्यात ‘पाचशे’ अक्षरी निमूट घेतो, त्याचं काय? असं चालू न देणारं स्ट्रिक्ट टेबल 2021 मध्ये आलं, तेही सांगितलं तरच. फॉरेन कीची (एका टेबलातला दुवा दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, याची) तपासणीसुद्धा मुळात बंद. आणि बॅकअप म्हणून लोक चालू डेटाबेसची डीबी फाइल कॉपी करतात, शेजारच्या वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी राहतात मागे!

जुना_फॉक्सप्रो: दोघेही इंजिनावर भांडताय. व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसचा सपोर्ट जानेवारी 2015 मध्ये संपला, तरी त्याची डीबीएफ फाइल आजही उघडते. अडतं कुठे, तर प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा नोकरी लागून पुण्याला गेला की. पोस्टग्रेस घेतलं म्हणून तो परत येणार आहे का?

शुद्धलेखन_पोलीस: मराठी यादीचं कोणी बोलेना. एस्क्यूलाइट अक्षरांचे कोड बघून क्रम लावतं. म्हणून काळे कासारांच्या आधी येतात आणि क्षीरसागर खऱ्यांच्या आधी. सभासदांची यादी छापून भिंतीवर लावा, मग बघा काय ऐकावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, मिळतं. एस्क्यूलाइटला आयसीयू एक्स्टेंशन वेगळं बांधून घ्यावं लागेल, म्हणजे ‘एकच एक्झिक्युटेबल’ संपलं.

खटपट्या: क्रमासाठी वेगळा रकाना ठेवीन, नाव सेव्ह करतानाच त्यात क्रम ठरवणारी ‘सॉर्ट की’ भरायची.

रात्रपाळी_डीबीए: म्हणजे कोलेशन तुम्हीच लिहिणार. लिहा. जोडाक्षरं, अनुस्वार आणि ॲ विसरू नका.