दादाची सही नसताना अ‍ॅडमिट करता येतं का?

कृष्णाकाठची
आम्ही वाळवा तालुक्यातले. दादा ३४ वर्षांचा, बायपोलरचं (मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजाराचं) निदान जुनंच आहे. दिवाळीनंतर "मी ठणठणीत आहे" म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या. आता रात्ररात्र झोप नाही, पहाटे उसात जाऊन मोटर चालू करतो. ठिबकची नळी अख्ख्या गावाला पुरेल एवढी उधारीवर आणून अंगणात टाकलीय. अण्णा ती परत करायला निघाले तर कोयता घेऊन अंगावर धावला. शेजारचे वकील म्हणतात, त्याची सही नसेल तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागेल. एका व्यसनमुक्ती केंद्राचा माणूस म्हणतो, गाडी पाठवतो, महिन्याचे पैसे आधी भरा. दादा दारूला शिवतही नाही! काय करू?

बांधावरचा
आमच्या मेहुण्याला असंच उचलून नेलं होतं. सुतासारखा सरळ झाला. द्या पाठवून.

सिस्टर_निवृत्त
बांधावरचे दादा, दारू सोडवायला नेणं वेगळं आणि हे वेगळं. ताई, त्या गाडीला हो म्हणू नका. मनोरुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी लागते. ती विचारा, फोन आपोआप बंद होईल.

माझी हयात मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. वकीलसाहेबांच्या डोक्यात १९८७ चा कायदा आहे. २०१७ चा नवा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ८९ तुमच्यासाठीच आहे, त्यात मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागत नाही. दादानं आधी लेखी कुणाला नेमलेलं नसेल, तर नातेवाईक म्हणून अण्णा किंवा तुम्ही प्रतिनिधी होऊन अर्ज करू शकता. मग दवाखान्याकडच्या दोन तज्ज्ञांनी दादाची स्वतंत्र तपासणी करायची, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. तपासणी त्याच दिवशीची किंवा मागच्या सात दिवसांतली. अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला धावला, हे दिसायला हवं. कोयता लपवून ठेवा, पण प्रसंग लपवू नका. "जरा चिडचिड करतो" असं सांगणारे नातेवाईक मी ढिगानं पाहिलेत, मग डॉक्टर तरी काय लिहिणार?

ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. दादा स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत आलाय का, हे दर सात दिवसांनी बघावं लागतं, आणि त्याला याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाकडे दादही मागता येते. घाबरू नका, ते तुमच्याविरुद्ध नाही.

आधी मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मनोविकार विभागाला विचारा. रात्री पुन्हा अंगावर आला तर ठाण्यात फोन करा. जिवाला धोका दिसला तर त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचवणं पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही, हे ठणकावून सांगा. सल्ल्याला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे.

जाताना जुनी फाइल घ्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू होतं का? असेल तर रक्तातल्या पातळीचे, थायरॉइडचे, किडनीचे रिपोर्ट वर ठेवा. पँट इलॅस्टिकची द्या, नाडीची दारातच काढून घेतात.

पॉलिसीवाला
मेडिक्लेम असेल तर कागद जपा. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा, असं याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. पहिल्यांदा नाकारलं तरी पाठपुरावा सोडू नका.

कृष्णाकाठची
सिस्टर, फाइल सापडली, लिथियमच होतं. मामा उद्या गाडी घेऊन येतोय. आई मात्र रडतेय, त्याला डोक्याला विजेचा शॉक देतील म्हणून.

सिस्टर_निवृत्त
सगळ्यांना देत नाहीत. सुरुवात बहुधा गोळ्या-इंजेक्शनवरच होते. आणि लागलाच, तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. साखळीनं बांधायलाही. आईंना हे वाचून दाखवा. घरी आल्यावर गोळी दिली की समोर पाणी प्यायला लावा आणि दोन शब्द बोलायला लावा. गालात धरली असेल तर बोलताना कळते. आमच्या वॉर्डात तर गोळी धरायची जागा शोधण्यात एकेकाची हुशारी असायची! आणि ती नळी लगेच परत करून टाका, डिस्चार्जपर्यंत थांबू नका.