शाळेत फुटबॉल सुरू करावा का?

मोहोळचा पालक: आमच्या संस्थेच्या दोन-तीन छोट्या शाळा आहेत, यंदा फुटबॉल सुरू करायचा का यावर मीटिंग आहे. पोरं तयार आहेत पण काही जण म्हणतायत कबड्डी-खोखो आहेच की, खर्च कशाला. काय करावं?

पार्क चौकवाला: करा की! ११ जण नाही जमले तर ७-७ चं खेळवा, छोटं ग्राउंड पुरतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलला गर्दी होते ती काय एका वर्षात नाही झाली.

क्रीडाशिक्षक: आधी शिकवणारा माणूस बघा हो, आणि मुरमाड मैदानावर पोरांचे गुडघे फुटतात तेही बघा, एप्रिलात आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो त्यामुळं प्रॅक्टिस सकाळी लवकरच. मुलींची टीम पण कराच, सुब्रतो कपात (शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) १७ वर्षांखालच्या मुलींचा गट आहे.