'ऑटम लीव्ज'वर एकच पेंटॅटॉनिक: शोभते की नुसती खपते?

आर्चटॉप:
रॉक-ब्लूजकडून जॅझकडे वळलेल्या गिटारिस्टला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'पेंटॅटॉनिक विसर, मोड शीक'. पेंटॅटॉनिक म्हणजे पाच स्वरांची स्केल (स्वरांची मालिका); मोड म्हणजे मेजर स्केल तिच्या प्रत्येक स्वरापासून सुरू केल्यावर मिळणाऱ्या सात स्केल. या सल्ल्यापायी माझी दोन वर्षं गेली. सातही मोड पाठ झाले, पण सोलो घेतला की स्केलचा जिना चढ-उतर केल्यासारखंच वाजायचं. शेवटी 'ऑटम लीव्ज' हे जॅझमधलं नेहमीचं गाणं जी मायनरमध्ये घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त जी मायनर पेंटॅटॉनिक वाजवली: जी, बी फ्लॅट, सी, डी, एफ. त्या दिवशी प्रथमच माझ्या सोलोत वाक्यं ऐकू आली. अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, तारेवर दोन-दोनच स्वर, त्यामुळे डोकं लयीकडे राहतं. जॅझ गिटारिस्ट ग्रँट ग्रीन ऐका. ब्लूजचे मोजके स्वर, पण ते ठेवतो कुठे ते बघा. माझ्या मते जॅझ गिटार शिकवायला सुरुवात इथूनच करावी.

टू फाइव्ह:
अजिबात पटलं नाही. तुमच्याच गाण्याचा पाचवा बार (चार मात्रांचा खंड) ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह या कॉर्डचा (एकत्र वाजणारे स्वर), सहावा डी सेव्हन, सातव्याला जी मायनर. डी सेव्हनचा जीव एफ शार्पमध्ये आहे. तो अर्धा स्वर चढून जीला मिळतो तेव्हा समेवर आल्यासारखं वाटतं. तुमच्या पाच स्वरांत नेमका साधा एफ आहे. तो बेसूर लागत नाही, ब्लूजचा रंग देतो, म्हणून खपून जातो. पण पियानो आणि बास बंद करून फक्त तुमचा सोलो ऐकवला, तर कॉर्ड कुठे बदलली हे कुणाला सांगता येईल? गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये बँडलीडर बेनी गुडमनकडे आला. त्याच्या ओळी कॉर्डच्या आकारातून निघतात, सोबत नसली तरी खालची हार्मनी कळते. आधी अर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक), कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर. पेंटॅटॉनिक नंतर.

पाचवा फ्रेट:
एकाच गाण्यावरून नियम कशाला करायचा? माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' घ्या, 1959 चं. सोळा बार डी मायनर, आठ बार ई फ्लॅट मायनर, परत आठ डी. इथे कॉर्डचा पाठलाग करायला कॉर्डच नाहीत. डी मायनरवर डी, ई आणि ए अशा तिन्ही मायनर पेंटॅटॉनिक बसतात. त्यांतल्या फक्त ई मायनरमध्ये बी हा स्वर येतो आणि डोरियनचा (या गाण्याच्या मोडचा) खरा रंग तिथेच उमटतो. मी पहिले आठ बार डीवर राहतो, मग ईवर चढतो. श्रोत्याला खोली उजळल्यासारखं वाटतं. मधल्या आठ बारांत सगळं एक फ्रेट वर.

टू फाइव्ह:
अशा मोडल, म्हणजे एकाच मोडवर रेंगाळणाऱ्या गाण्यांबद्दल माझी तक्रारच नाही. पण स्टँडर्ड्सपैकी (जॅझची नेहमीची गाणी) बहुतेकांत दर बाराला, कधी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते. तिथे काय करता ते सांगा.

कोमल निषाद:
मी गिटार वाजवत नाही, हार्मोनियम वाजवते, पण मला या वादात मूर्च्छना दिसते, म्हणजे तेच स्वर ठेवून षड्ज बदलणं. भूप रागाचे पाच स्वर घ्या. धैवताला षड्ज माना, धानी मिळतो. हीच तुमची मायनर पेंटॅटॉनिक. गांधाराला माना, मालकंस. पंचमाला माना, दुर्गा. (राग चलनाने होतो हे मान्य, मी फक्त स्वरांबद्दल बोलतेय.) आम्ही षड्ज बदलतो, तुमच्याकडे तो बासवाला बदलतो. म्हणून 'कुठली पेंटॅटॉनिक' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कुठल्या षड्जावर' हे सांगितल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. आणि दर दोन मात्रांना बदलणाऱ्या कॉर्डचं म्हणाल, तर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स'चा सोलो ऐका. तीन षड्ज एकमेकांपासून दूर, गाणं धावतंय, आणि तो पुन्हा पुन्हा काय वाजवतो? सा रे ग प. भूपाचे चार स्वर, दर कॉर्डला नव्या षड्जावरून. पाच स्वरांतून कॉर्ड कळत नाहीत हे म्हणणं तिथे टिकत नाही.

आर्चटॉप:
कोल्ट्रेनचा मुद्दा मला सुचायला हवा होता. टू फाइव्ह, एफ शार्पचं तुमचं बरोबर आहे, मी तो स्वर टाळतच होतो. काल रात्री बसून एक केलं. सी मायनर पेंटॅटॉनिकमधला बी फ्लॅट एक फ्रेट खाली आणून ए केला: सी, ई फ्लॅट, एफ, जी, ए. हे ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्हवर बसतं. तोच आकार तीन फ्रेट वर, ई फ्लॅटवरून, डी सेव्हनवर; त्यात जी फ्लॅट येतो, म्हणजे तुमचा एफ शार्प, आणि वर फ्लॅट नाइन, फ्लॅट थर्टीनचा (कॉर्डच्या मूळ स्वरापासून कोमल नववा आणि तेरावा स्वर) ताणही. मग जीवर उतरायचं. सहाव्या तारेवर आठवा फ्रेट, अकरावा, पंधरावा. स्वर पाचच, पण प्रत्येक बार वेगळा बोलतो.

टू फाइव्ह:
हे ऐकायला आवडेल, आणि याला मी 'एकच पेंटॅटॉनिक' म्हणणार नाही. तुम्ही कॉर्ड वाचायला लागलात. माझी हरकत तरी उरतेच. तुम्हाला हे जमलं कारण एफ शार्प कुठे लपलाय हे कळलं होतं. नवशिक्याला आठ-अकरा-पंधरा दिलं तर तो फ्रेटच वाजवेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी तो एफ शार्प गळ्यातून काढायला लावतो, मगच गिटार हातात.

आर्चटॉप:
आणि मी आधी एक कोरस (गाण्याचं एक पूर्ण आवर्तन) पेंटॅटॉनिकवर मोकळं वाजवू देईन, मग त्याच कोरसमध्ये एफ शार्प कुठे हवा होता ते दाखवेन. हात बांधून सुरुवात केली की मुलं गिटार सोडतात, हे मी पाहिलंय. उद्या दोन रेकॉर्डिंग टाकतो, सोबतीशिवाय, नुसता मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सातवा बार कुठे सुरू झाला ते ऐकून सांगा.