फ्रेंचची जीसीएसई: लेखीत पोरगी पुढे, तोंडीला मौनव्रत

औंधकर_बाबा

नमस्कार मंडळी. इंग्लंडात मुलं वाढवलेल्या कुणीतरी थोडा उजेड पाडा.

आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून मिल्टन कीन्सला आलो. लेक इथे इयर १० मध्ये बसली, आता ११ मध्ये आहे. येत्या उन्हाळ्यात जीसीएसई, म्हणजे इथली दहावीची बोर्डाची परीक्षा. पुण्यात सीबीएसईच्या शाळेत तीन वर्षं फ्रेंच केलं होतं, म्हणून इथेही तेच घेतलं. म्हटलं, नऊ विषयांतला एक तरी ओळखीचा असू दे.

तिकडे ८० गुण लेखी, २० शाळेच्या हातातले. आपण संस्कृतात 'देवः देवौ देवाः' चालवायचो तशी ही क्रियापदं चालवायची, गाळलेल्या जागा भरायची, आणि आम्ही खूश. तीन वर्षांत वर्गात उभं राहून सलग चार वाक्यं फ्रेंच बोलायची वेळ आली नाही, असं ती स्वतःच सांगते.

आता मॉक झाली, म्हणजे आपली प्रिलिम. वाचन ३६, लेखन ३९, ऐकणं २१, बोलणं १७. प्रत्येक पेपर ५० चा. बोलण्याचे १७ कसे आले विचारलं, तर म्हणे "बाबा, मला उत्तर येत होतं, पण ते तोंडात यायच्या आत मिस पुढच्या प्रश्नावर गेल्या." पेरेंट्स इव्हनिंगला त्या बाईंनी गोड हसून सुचवलं, की हिला फाउंडेशनला, म्हणजे सोप्या स्तराला बसवू; अवघड तो हायर. इथे ग्रेड १ ते ९, ९ सर्वांत वरची; फाउंडेशनला कितीही छान लिहिलं तरी ५ च्या वर ग्रेड नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. बायको तेव्हापासून माझ्याशी फ्रेंचइतकंच बोलते.

प्रश्न दोन. लेखन-वाचन हायर आणि बोलणं-ऐकणं फाउंडेशन असं करता येतं का? आपल्याकडे सीबीएसईच्या दहावीला गणित बेसिक का स्टँडर्ड ते निवडता येतं, तसं काही? आणि जीसीएसईच्या या तोंडी परीक्षेत नक्की बघतात काय?

चहाबाज_कोथरूड

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. तुमच्या लेकीसारखी मुलं दरवर्षी येतात माझ्याकडे, डेल्फच्या, म्हणजे फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या वेळी. तिथेही चार कौशल्यं, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५०. शिवाय कुठल्याही एकात ५ च्या खाली गेलात तर बाकीचं कितीही चांगलं असो, नापास. व्याकरणात पैकीच्या पैकी घेणारी मुलं ऐकण्याला घामाघूम होतात.

ऐकण्यातले २१ आणि बोलण्यातले १७ हे दोन वेगळे आजार नाहीत. हिने फ्रेंच डोळ्यांनी शिकलंय. एक साधी चाचणी घ्या. 'इल-झों' आणि 'इल-सों' असं दोनदा म्हणा आणि अर्थ विचारा. पहिल्याचा अर्थ 'त्यांच्याकडे आहे', दुसऱ्याचा 'ते आहेत'. कागदावर तिला दोन्ही डोळे मिटून येईल. कानाला मात्र फरक फक्त झ् आणि स् एवढाच, आणि तो झ् लिहिताना कुठे दिसतच नाही. पहिल्या शब्दाच्या शेवटचा मुका एस पुढच्या स्वराला चिकटून जिवंत होतो.

आपण देवनागरीवाले. लिहिलंय ते सगळं उच्चारायचं, ही आपली सवय. (चहातला च आणि चमच्यातला च वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, पण दोन्ही सारखे म्हणणारा लगेच ओळखू येतो. फ्रेंच लोकांना आपण तसेच ओळखू येतो.)

कृष्णाकाठ

औंधकर, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. चारही पेपर एकाच स्तरावर द्यावे लागतात. बोलण्याची परीक्षा एप्रिल-मेमध्ये, बाकीच्यांच्या आधी होते. ती ज्या स्तरावर दिली त्याच स्तरावर उरलेले तीन. फाउंडेशनला १ ते ५, हायरला ४ ते ९. हायरला ४ थोडक्यात हुकला तर ३ देतात, त्याच्या खाली घसरलं की यू, म्हणजे शून्य. म्हणून शाळा जपून पाऊल टाकतात. तुमच्या बाईंना खलनायिका करू नका.

आता मी कोण ते सांगते. मूळची सांगलीची, वीस वर्षं मिडलँड्समध्ये. माझं फ्रेंच 'बोंजूर'पाशी सुरू होऊन तिथेच संपतं. पण गेली सात वर्षं इथल्या एका शाळेत परीक्षेच्या मोसमात सुपरव्हिजन करते, आणि भाषांच्या तोंडीच्या वेळी तयारीच्या खोलीत बहुधा मीच बसते.

तुमची शाळा एक्यूए बोर्डाची आहे असं धरते. पिअर्सन किंवा एडुकास, ही दुसरी बोर्डं, असेल तर मांडणीत फरक, पण हाडं तीच. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या तिन्हींचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२४ पासून बदललाय आणि त्याची पहिली परीक्षा २०२६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वर्षी. त्यामुळे मोठ्या भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या अनुभवावर जाऊ नका. माझा थोरला २०१९ ला बसला तेव्हा तोंडीत गप्पांचा एक भाग असायचा आणि त्यातला पहिला विषय मुलाने स्वतः निवडायचा. त्याने 'माझं कुटुंब' तोंडपाठ केलं होतं. आंघोळ करताना म्हणायचा. त्या फ्रेंच निबंधात आमच्याकडे एक कुत्रा होता, प्रत्यक्षात आमच्याकडे कधी मांजरसुद्धा नव्हतं.

ते आता चालत नाही. मुलाला आधी १५ मिनिटं तयारीला मिळतात, मग आत जायचं. हायरला १० ते १२ मिनिटं, फाउंडेशनला ७ ते ९. तीन भाग आहेत. पहिला छोटा प्रसंग: दुकान, मित्राशी बेत, असं काही. पाच मुद्दे, प्रत्येकी २ गुण. इथे एक नेमकं वाक्य पुरतं. हुशार मुलं लांबवायला जातात आणि नवी चूक करून बसतात. दुसरा भाग, उतारा मोठ्याने वाचणं. हायरला किमान ५० शब्द. त्याला ५ गुण आणि त्यावरून विचारलेल्या चार प्रश्नांना १०. ते प्रश्न आधी दिसत नाहीत. तिसरा भाग, दोन फोटो. फोटोंबद्दल बोलायला फक्त ५ गुण (पण दोन्ही फोटोंबद्दल काहीतरी बोलायलाच हवं), आणि त्यानंतर जी न ठरवलेली बोलाचाली होते तिला २०. बेरीज केलीत? ५० पैकी ३० गुण आयत्या वेळच्या प्रश्नांना आहेत. तुमची लेक १७ वर अडकली ती तिथेच.

आणि तयारीच्या खोलीत काय होतं ते बघा. मोबाईल, स्मार्ट घड्याळ दाराबाहेर. मुलाच्या हातात कार्ड, टिपणाला एक कागद. दहांतली आठ मुलं पहिली दहा मिनिटं फोटोंवर घालवतात, कारण फोटो बघितला की काहीतरी लिहावंसं वाटतं. टोप्यांचे रंग, माणसं किती, झाडं किती. तेच ते ५ गुण. उतारा उरलेल्या वेळात. आवाज करायचा नसतो, म्हणून ओठ हलतात, गणपतीपुढे अथर्वशीर्ष पुटपुटावं तसे. यंदाच्या मॉकला एका गुजराती मुलाने टिपणाच्या कागदावर उताऱ्यातल्या अवघड शब्दांचे उच्चार गुजराती लिपीत मांडले होते. मला फार कौतुक वाटलं. तुमच्या लेकीलाही घरी देवनागरीत लिहून बघायला सांगा.

प्रश्न शाळेतल्याच बाई विचारतात, पण गुण त्या देत नाहीत. रेकॉर्डिंग बोर्डाकडे जातं. म्हणजे 'मिसला माहितीये मी हुशार आहे' याचा उपयोग शून्य. तिकडच्या परीक्षकाला फक्त आवाज ऐकू येतो, आणि शांतता. गोंधळली तर 'पुन्हा सांगाल का' हे फ्रेंचमधून विचारता येतं. एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर बसवा. उत्तर तोंडात यायला जी चार सेकंद कमी पडतात, ती तिथेच मिळतात.

चहाबाज_कोथरूड

@कृष्णाकाठ, ताई, बाकी सगळं शंभर टक्के पटलं, पण देवनागरीत उच्चार लिहायला नका सांगू हो! फ्रेंचमधलं 'तू' म्हणजे आपलं तू, आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द, दोन्ही देवनागरीत 'तू'च होतात. पहिल्यातला स्वर ओठ उ चे आणि जीभ ई ची ठेवून काढायचा असतो. त्याला आपल्याकडे अक्षर नाही. एकदा कागदावर 'तू' लिहिलं की तो स्वर गेलाच.

कृष्णाकाठ

शिक्षकांपुढे आम्ही काय बोलणार. सल्ला मागे घेते. पण त्या मुलाचं कौतुक मागे घेत नाही.

औंधकर, ऐकण्याचं राहिलं. नव्या पेपरात शेवटी श्रुतलेखन आहे. हो, आपलं शुद्धलेखनच, बाई वाचणार आणि मुलं लिहिणार, फक्त बाई रेकॉर्डिंगमधल्या. हायरला पाच वाक्यं, १० गुण. वाक्य तीनदा ऐकू येतं: आधी पूर्ण, मग तुकड्या-तुकड्याने, मग परत पूर्ण. त्यात मुद्दाम यादीबाहेरचे शब्दही घालतात, कान आणि स्पेलिंग यांची गाठ बसलीये का ते बघायला.

यादीचं सांगायचं राहिलं वाटतं. आता शब्दसंग्रह बांधून दिलाय. फाउंडेशनला १२०० शब्द, हायरला १७००. एरवी पेपरात त्याबाहेरचा शब्द आलाच तर अर्थ शेजारी दिलेला असतो. यादी बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, नमुना पेपर आणि त्यांचे आवाजही तिथेच. ट्यूशनला ताशी ४० पौंड मोजण्याआधी ते बघा.

डेर_डी_दास

मी २०२३ मध्ये जर्मन दिली, जुन्या पद्धतीने. लेस्टरला वाढलो, मराठी फक्त घरात, त्यामुळे शुद्धलेखनाला हसू नका, आईने तपासलंय.

एवढंच सांगायचं होतं की वर्गातली गोरी मुलं 'टेबलाला लिंग कशाला' म्हणून रडायची, आणि जर्मनमध्ये तर तीन. मला काहीच वाटलं नाही. ते टेबल, ती खुर्ची, तो पलंग, आजी रोज ओरडायची चुकलं की. तुमच्या मुलीला फ्रेंचमध्ये दोनच सांभाळायचीत, स्वस्तात सुटली.

आणि काका, मराठीची जीसीएसई नाहीये. पंजाबी, बंगाली, उर्दू, गुजराती आहे. माझ्या गुजराती मित्राने घरबसल्या एक ग्रेड खिशात टाकली. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

फाउंडेशनबद्दल: तिला पुढे ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, फ्रेंच घ्यायचंय का? नसेल तर इतकं टेन्शन का?

औंधकर_बाबा

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ ताई, बोर्ड एक्यूएच आहे.

@डेर_डी_दास, बाळा, प्रश्न रास्त आहे. तिला मेडिसिन करायचंय, फ्रेंच नाही. मी हेच तिला म्हटलं, की ५ मिळतोय तर घे आणि केमिस्ट्रीकडे बघ. तर ती म्हणाली, "तुम्हाला ५ चालेल, मला चालणार नाही. मला येतं फ्रेंच." मग विषय संपला.

रविवारी कृष्णाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे नमुना पेपर काढला. स्वयंपाकघरात मी घड्याळ लावून सुपरव्हिजनला, मोबाईल फ्रिजवर. १५ मिनिटं झाली आणि कागद पाहिला, तर बारा ओळी फोटोंवर, उताऱ्यावर एक रेघसुद्धा नाही. अगदी तुम्ही म्हणालात तेच. मग उतारा वाचायला लावला आणि रेकॉर्ड केला. परत ऐकवल्यावर तिलाच धक्का बसला. 'ते बोलतात' या क्रियापदाच्या शेवटची तीन अक्षरं फ्रेंच माणूस गिळतो, आणि ही ती चावून चावून म्हणत होती. नियम तिला पाठ आहे. गेल्या वर्षीच्या वहीत लाल शाईत लिहिलेलाही सापडला.

'इल-झों, इल-सों' पण केलं. पाचपैकी तीनदा चुकली. मग तिने माझी घेतली, मी पाचही वेळा चुकलो. बायको मागून भाजी चिरता चिरता ऐकत होती, तिचं एकही चुकलं नाही. तिला फ्रेंचचा गंधही नाही. ती म्हणते, मी फक्त ऐकत होते, तुम्ही दोघं आठवत होता.

मिसना ईमेल केली. नोंदणी फेब्रुवारीत आहे, त्याआधी त्या एकदा पुन्हा तोंडी घेतील, पंचवीस-सव्वीस गुण आले तर हायर म्हणाल्या. तोवर रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मोठ्याने वाचन. काल शेजारच्या आजोबांनी भिंतीपलीकडून 'ब्राव्हो' म्हटलं. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत.

चहाबाज_कोथरूड

वहिनींना डेल्फला बसवा.